नाताळचें तिकीट

नाताळ जवळ आला कीं मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गांवठाणांचें रूप पालटतें. अंधेरीनजीकचें मरोळ, कुर्ला, बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडील गोराई, अशा ठिकाणीं ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर कागदी तारे झुलूं लागतात, आणि परगांवच्या आप्तेष्टांकडून आलेलीं शुभेच्छापत्रें खिडकीच्या कडेला मांडून ठेवलीं जातात. त्यांतील एखादें पत्र विलायतेहून आलेलें असेल, तर त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ पुष्कळदां आढळते. या पत्राच्या किंमतीचा अमुक भाग अमुक रोगाच्या संशोधनास दिला जाईल, असा तिचा आशय असतो. ही ओळ बहुधा कोणी वाचीत नाहीं.

सणाच्या कागदाचा रोगाच्या संशोधनाशीं हा संबंध कोणीं जोडला, त्यापासून निष्पन्न काय झालें, आणि त्या धाग्याचें एक टोंक मुंबईच्या उपनगरांपर्यंत कसें येऊन पोहोंचलें, हा इतिहास मनोरंजक आहे. पण त्याहूनही तो देणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. थोडें देणाऱ्या मनुष्याच्या मनांत नेहमीं एक शंका असते: एवढ्याशा पैशांनीं होणार काय? तिचें उत्तर या इतिहासांत सांपडतें.

छापील शुभेच्छापत्र हें टपालाचें अपत्य होय. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें आणि सामान्य मनुष्याला पत्र पाठविणें परवडूं लागलें. त्या सुधारणेंत हातभार लावलेले हेन्री कोल यांनीं १८४३ च्या नाताळांत जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें व त्याच्या सुमारें एक हजार प्रती छापविल्या. मध्यभागीं मेजवानीस बसलेलें कुटुंब, आणि दोहों बाजूंस भुकेल्यांस अन्न व उघड्यांस वस्त्र देणारीं माणसें, अशी त्या चित्राची मांडणी होती. म्हणजे परोपकाराचें चित्र पहिल्या पत्रावरच होतें; पण पत्राची किंमत जी एक शिलिंग, ती कांहीं परोपकाराकडे जात नव्हती. चित्रांतला परोपकार व्यवहारांत उतरण्यास आणखी साठ वर्षें लागलीं, आणि तें काम प्रथम केलें तें शुभेच्छापत्रानें नव्हे, तर पाकिटावर चिकटविण्याच्या एका चिमुकल्या तिकिटानें.

त्या साठ वर्षांत युरोप व हिंदुस्थान यांचा एक समान शत्रु होता, तो क्षयरोग. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें. शत्रु दिसला, पण त्याला मारणारें शस्त्र हातीं नव्हतें. महाराष्ट्राला याची साक्ष एका नांवानें कायमची पटलेली आहे. टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्या पत्नी डॉ. आनंदीबाई यांचें माहेर कल्याणचें. त्यांनीं १८८६ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी मिळविली. आणि पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचें देहावसान झालें. त्यांना तेव्हां बाविसावें वर्ष चालू होतें. स्वतः वैद्यकाची पदवीधर असलेल्या रोग्यालाही बरें करील असें औषध त्या काळच्या विद्येजवळ नव्हतें. फिलाडेल्फिया हें नांव मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या कथेंत तें पुन्हां येणार आहे.

औषध नाहीं म्हणून मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न हाच उपचार ठरला, आणि त्यासाठीं गांवाबाहेर आरोग्यधामें बांधण्याची पद्धति युरोपांत रूढ झाली. परंतु आरोग्यधाम म्हणजे महिनोगणती राहणें, आणि महिनोगणती राहणें म्हणजे खर्च. क्षय तर अंधाऱ्या खोल्यांतून राहणाऱ्या गरिबांत अधिक. हा खर्च कोणीं करावा?

डेन्मार्कमध्यें या प्रश्नाचें उत्तर टपालकचेरींतील एका कारकुनानें दिलें. त्याचें नांव आयनार होल्बॉल. १९०३ च्या नाताळांत पत्रांचे ढीग निवडतांना त्याच्या मनांत आलें कीं, या प्रत्येक पत्रावर सरकारी तिकिटाखेरीज आणखी एक लहानसें तिकीट लागलें व त्याचे पैसे आजारी मुलांकडे गेले, तर किती मोठी रक्कम जमेल! वरिष्ठांना कल्पना पटली, राजा नववा ख्रिश्चन यानें संमति दिली, आणि १९०४ च्या नाताळांत पहिलें तिकीट निघालें. त्यावर दिवंगत राणी लुईझा हिची प्रतिमा होती. किंमत दोन ओर, म्हणजे डेन्मार्कच्या क्रोन या नाण्याचा पन्नासावा भाग. या तिकिटाला टपालाचें मूल्य मुळींच नव्हतें. तें लावल्यानें पत्र पोहोंचत नसे आणि न लावल्यानें अडत नसे. तरीही पहिल्याच वर्षीं चाळीस लाखांहून अधिक तिकिटें खपलीं. सगळ्या डेन्मार्कची लोकसंख्या त्या वेळीं तीस लाखांच्या आंत होती! पुढें त्या पैशांतून कोल्डिंग या गांवीं क्षयी मुलांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें.

होल्बॉलच्या युक्तीचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. टपालकचेरी गांवोगांवीं होतीच. तेव्हां दुकान मांडण्याचा खर्च नव्हता. नाताळांत पत्रें लिहिणें हें लोक करीतच होते. तेव्हां नवी संवय लावावयाची नव्हती. आणि किंमत इतकी अल्प होती कीं, ती देण्यास घरांतील मोलकरणीला किंवा शाळकरी मुलालाही कोणाची परवानगी मागावी लागत नसे. धनिकाच्या देणगीवर त्याचें नांव कोरलें जातें. या तिकिटावर देणाऱ्याचें नांव नव्हतें, पण पत्र ज्याच्या हातीं पडे त्याला मात्र क्षयाची आठवण होई. वर्गणी आणि लोकशिक्षण हीं दोन्हीं कामें एकाच कागदानें केलीं.

ही वार्ता अमेरिकेस नेली ती जेकब रीस या पत्रकारानें. तो मूळचा डेन्मार्कचा. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांवरील लिखाणामुळें प्रसिद्धीस आलेला. १९०७ सालीं त्यानें आपल्या मायदेशाच्या या तिकिटावर एक लेख लिहिला. त्याच सुमारास डेलावेअर राज्यांत विल्मिंग्टनजवळ, ब्रँडिवाईन नदीच्या कांठीं, डॉ. जोसेफ वेल्स हे चालवीत असलेलें एक लहानसें क्षयरुग्णालय तीनशें डॉलरांच्या अभावीं बंद पडण्याच्या बेतांत होतें. त्यांच्या नात्यांतील एमिली बिसेल या बाईंनीं तो लेख वाचून स्वतः तिकिटाचें चित्र काढलें, उसने पैसे घेऊन पन्नास हजार तिकिटें छापविलीं, आणि ७ डिसेंबर १९०७ रोजीं विल्मिंग्टनच्या टपालकचेरींत एका सेंटास एक याप्रमाणें तीं विकावयास ठेविलीं. प्रारंभीं विक्री मंदच होती. पुढें शेजारच्या फिलाडेल्फिया शहरांतील ‘नॉर्थ अमेरिकन’ या दैनिकानें ही बाजू उचलून धरली, आणि मोसम संपेपर्यंत तीनशेंच्या जागीं सुमारें तीन हजार डॉलर जमले. दुसऱ्या वर्षापासून तिकिटें देशभर निघूं लागलीं. दोन आडव्या पट्ट्यांचा जो क्रूस क्षयनिवारणाचें चिन्ह म्हणून १९०२ सालीं बर्लिनच्या परिषदेंत डॉ. सर्सिरों यांनीं सुचविला होता, तो पुढें या तिकिटांवर झळकूं लागला.

येथपर्यंतची कथा रुग्णालयांची आहे. परंतु रुग्णालय कितीही मोठें झालें तरी आज आलेल्या रोग्याची तें सोय करतें. उद्यां रोगी येऊं नये अशी तजवीज संशोधनालाच करावी लागते. अमेरिकेंतील राष्ट्रीय क्षयरोग संघानें तिकिटांच्या उत्पन्नांतील कांहीं भाग प्रयोगशाळांस देण्यास आरंभ केला, तो याच विचारानें. त्या कामांतील एक उदाहरण सांगण्यासारखें आहे, कारण त्याचा परिणाम आपल्याकडील घराघरांत पोहोंचला.

क्षयाचा जंतु शरीरांत शिरला आहे कीं नाहीं, हें बाहेरून समजावें कसें? कॉखनें जंतूंच्या अर्कापासून ट्युबरक्युलिन नांवाचें द्रव्य तयार केलें होतें. तें कातडींत टोंचलें असतां, ज्याला जंतूचा संसर्ग झालेला आहे त्याच्या हातावर कठीण गांठ उठते. पण हा अर्क अशुद्ध असे. एका ठिकाणच्या बाटलींतील द्रव्य तीव्र, तर दुसऱ्या ठिकाणचें सौम्य. त्यामुळें एका गांवचा निकाल दुसऱ्या गांवच्या निकालाशीं ताडून पाहतां येईना. दुकानागणिक शेराचें वजन निराळें असावें, तशी ही स्थिति होती. फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीनें हें वजन एकसारखें करण्याचें काम हातीं घेतलें. लहानपणीं पोलिओ झाल्यामुळें त्यांना चालतांना त्रास होत असे. डॉ. एस्मंड लाँग यांच्याबरोबर प्रथम शिकागो येथें, आणि १९३२ पासून फिलाडेल्फियाच्या हेन्री फिप्स संस्थेंत, त्यांनीं वर्षानुवर्षें खपून अर्कांतील परिणामकारक प्रथिन वेगळें व शुद्ध केलें. या कामास राष्ट्रीय क्षयरोग संघाचें, म्हणजे पर्यायानें नाताळच्या तिकिटांचें, साहाय्य होतें. पी. पी. डी. या अक्षरांनीं तें द्रव्य ओळखलें जातें. १९४१ मध्यें अमेरिकेनें तें प्रमाण म्हणून स्वीकारलें, व पुढें जागतिक आरोग्य संघटनेनेंही. ज्या नगरांत आनंदीबाई वैद्यक शिकल्या, त्याच नगरांत त्यांचा जीव घेणाऱ्या रोगाच्या परीक्षेचें माप निश्चित झालें.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील किती तरी आईबापांना ही परीक्षा ‘मांटू’ या नांवानें परिचित आहे. मुलाचा खोकला हटत नाहीं, वजन वाढत नाहीं, म्हणून डॉक्टर हाताच्या आंतल्या बाजूस बारीक सुईनें औषध टोंचतात, आणि दोन-तीन दिवसांनीं उठलेल्या गांठीची रुंदी पट्टीनें मोजतात. भारतांत दीर्घ काळ ज्याचा उपयोग केला गेला, तें आर. टी. २३ नांवाचें द्रव्य याच शुद्धीकरणाच्या मार्गानें १९५८ सालीं तयार झालें, तें कोपनहेगनच्या सीरम संस्थेंत. होल्बॉल जेथें पत्रें निवडीत असे त्याच शहरांत. एका सेंटाच्या तिकिटाचा पैसा शेवटीं कोठें पोहोंचला, तें त्या पट्टीवरील मिलिमीटरच्या रेघांवर वाचतां येतें.

भारतांत क्षयनिवारणाची संघटित चळवळ उभी राहिली ती १९३९ सालीं, ट्युबरक्युलॉसिस असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या स्थापनेनें. १९४८ च्या ऑगस्टांत दक्षिणेंतील मदनपल्ली येथें बी. सी. जी. लस टोंचण्याच्या मोहिमेस प्रारंभ झाला. या आंतरराष्ट्रीय कार्यांत युनिसेफबरोबर डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथील सेवासंस्था होत्या. लस देण्यापूर्वीं संसर्ग आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तीच ट्युबरक्युलिनची परीक्षा करावी लागे. आणि १९५० पासून असोसिएशननें स्वतःचें क्षयनिवारक तिकीट काढण्यास सुरुवात केली.

या ठिकाणीं एक लहानसा पण अर्थपूर्ण बदल झाला. तिकिटाची कल्पना नाताळची, परंतु भारतांत त्याच्या विक्रीचा आरंभ दोन ऑक्टोबरला, म्हणजे गांधीजयंतीस, करण्याची प्रथा पडली. एका धर्माच्या सणाशीं निगडित असलेली वस्तु सर्व धर्मांच्या लोकांनीं आपली म्हणावी, यासाठीं याहून उचित दिवस मिळणें कठीण होतें. कुष्ठरोग्यांची सेवा स्वतःच्या हातांनीं करणाऱ्या पुरुषाचा तो जन्मदिवस. शाळा व कचेऱ्या यांच्या द्वारें हीं तिकिटें खपूं लागलीं.

योगायोग असा कीं, त्याच १९५० सालीं मुंबईच्या महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढविण्यांत आली, आणि १९५७ मध्यें ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. शहरांतील लोक एके काळीं हवा पालटावयास जेथें जात, तीं गांवें पाहतां पाहतां चाळींनीं, कारखान्यांनीं व झोंपड्यांनीं भरून गेलीं. एका खोलींत सात-आठ माणसें, खिडकी एकच, आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. अशा घरांत क्षयाला निराळें निमंत्रण लागत नाहीं. त्यांत भर लोकलज्जेची. मुलीचें लग्न अडेल, नोकरी जाईल, म्हणून रोग लपविला जाई. अशा समाजांत मुलांच्या हातीं क्षयाचें नांव उघडपणें छापलेलें तिकीट देणें, हेंही एक औषधच होतें.

भारतांतील क्षयसंशोधनाचें सर्व श्रेय या तिकिटास देणें मात्र सत्यास धरून होणार नाहीं. रोग्याला आरोग्यधामांत न ठेवतां घरींच नियमित औषधें दिलीं तरी तो तितकाच बरा होतो, हें जगाला पटविणारा मोठा प्रयोग मद्रास येथें १९५६ मध्यें सुरू झाला व त्याचा निकाल १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला. तो सरकारी व आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बळावर पार पडला. एवढा व्याप तिकिटांच्या पैशांतून पेलला नसता. पण भारतीय डॉक्टरांचे अनुभव व शोध एकत्र छापले जावेत म्हणून १९५३ पासून क्षयरोगावर स्वतंत्र नियतकालिक चालविलें तें याच असोसिएशननें. संशोधनाचा वाडा सरकारनें बांधला तरी त्यांतील दिव्यांत तेल घालण्यास पुष्कळ हात लागतात.

मुंबईंतच याचें दुसरें उदाहरण आहे. १९५१ सालीं डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकारानें इंडियन कॅन्सर सोसायटी ही सेवाभावी संस्था स्थापन झाली. तिनें १९६३ मध्यें मुंबईची कर्करोग-नोंदवही सुरू केली. अशा प्रकारची ती भारतांतील पहिली. काम दिसावयास रुक्ष. रुग्णालयांतून फिरावयाचें, प्रत्येक रोग्याचें वय, वस्ती, रोगाचें स्थान टिपावयाचें, मुंबईचा रहिवासी कोण व केवळ उपचारासाठीं बाहेरून आलेला कोण हें निवडावयाचें, आणि शिरगणतीच्या आंकड्यांशीं मेळ घालावयाचा. पण असें केल्यावांचून कोणता कर्करोग कोणांत वाढतो आहे हें कळत नाहीं. अशा कामाला संगमरवरी पाटी लावतां येत नाहीं, आणि म्हणून एखादा मोठा दाता सहसा त्याकडे वळत नाहीं. येथें थोडें थोडें देणाऱ्या पुष्कळांचेंच साहाय्य उपयोगी पडतें.

तिकिटानें दाखविलेल्या वाटेनें पुढें शुभेच्छापत्रही गेलें. १९४९ सालीं युनिसेफनें आपलें पहिलें पत्र काढलें. त्यावरील चित्र झेकोस्लोव्हाकियांतील यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीचें होतें. युद्धानंतर गांवांत मिळालेल्या दुधाबद्दल कृतज्ञता म्हणून तिनें तें काढलें होतें. नंतरच्या काळांत विलायतेंत कर्करोग, हृद्रोग इत्यादिकांच्या संशोधनसंस्थांनीं नाताळची पत्रें विकून द्रव्य उभारण्याची रीत सर्वत्र पसरली.

या रीतीवर एक आक्षेप घेतला जातो व तो विचारार्ह आहे. विकत घेणें म्हणजे दान नव्हे. सुंदर कागद आपल्याला मिळतो आणि पुण्याचें समाधानही मिळतें, हा दुहेरी लाभ दात्यास शोभत नाहीं, असें कित्येक म्हणतात. आक्षेपाचा हा नैतिक भाग ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं सोडवावा. व्यावहारिक भाग अधिक महत्त्वाचा आहे. पत्राच्या किंमतींत कागद, छपाई, चित्रकार व दुकानदार या सर्वांचा वांटा असतो. संस्थेकडे उरतें तें कधीं पुष्कळ, कधीं अगदींच थोडें. म्हणूनच इंग्लंडांत १९९२ च्या कायद्यान्वयें, धर्मादाय संस्थेचें नांव सांगून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यावर त्या संस्थेस काय मिळणार हें जाहीर करण्याचें बंधन घातलें गेलें. पत्राच्या पाठीवरील ती बारीक ओळ यासाठीं वाचावयाची. साधें तिकीट या बाबतींत पत्राहून सरस होतें. कारण त्याचा कागद बोटभर, छपाई स्वस्त, आणि बाकी जवळजवळ सर्व दान. जें विकत घेऊन हातीं फारसें कांहीं येत नाहीं, त्याचेंच दान अधिक होतें, असा हा उलटा हिशेब आहे.

आतां पत्रांचाच काळ ओसरला आहे. शुभेच्छा दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणांत जातात, आणि त्यांवर तिकीट चिकटवितां येत नाहीं. ज्या डेन्मार्कमध्यें हें तिकीट जन्मलें, तेथील टपालसंस्थेनें २०२५ च्या अखेरीस पत्रें पोहोंचविण्याचें काम बंद करण्याचें जाहीर केलें. पत्र गेलें, रोग मात्र गेलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं भारतांत सुमारें २८ लाख लोकांस नव्यानें क्षय झाला. त्याच संघटनेच्या हिशेबानें जगांतील क्षयरोग्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा या एका देशांत आहे. नेहमींच्या औषधांस न जुमानणाऱ्या क्षयाचे अत्यंत गंभीर रोगी मुंबईच्या एका रुग्णालयांत आढळल्याचें वृत्त २०१२ च्या प्रारंभीं जगभर गेलें. नवीं औषधें, नव्या परीक्षा, नवी लस यांची गरज आहेच, आणि तीं एका रात्रींत होणारीं नाहींत.

होल्बॉलजवळ संपत्ति नव्हती, अधिकार नव्हता. लोक जें आधींच करीत आहेत, त्याच्याच शेजारीं त्यानें दानाची एक लहान जागा करून दिली. दिवाळीचा फराळ, ईदची भेट, नाताळचा केक यांवर उपनगरांतील घरें आजही खर्च करीतच आहेत. त्या खर्चाच्या यादींत शेवटची एक ओळ संशोधनासाठीं राखून ठेवावी, ती ज्या संस्थेस द्यावयाची तिचा हिशेब एकदां पाहून घ्यावा, आणि दर वर्षीं न चुकतां द्यावी. तिकीट नसलें तरी यास हरकत येत नाहीं. फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेंत बाटली शुद्ध झाली, ती अशाच, दर वर्षीं न चुकतां आलेल्या, नांव नसलेल्या सेंटांनीं.